शाडूचे गणपती सुकवण्याचे रसायनशास्त्र

रविवार, १५ जून २००८, वरसे

आजपासून रोजनिशी लिहिणार आहे. मोठे शास्त्रज्ञ लिहीत असत, आणि रोहा तालुक्यात सध्या ही जागा रिकामी दिसते. सौ.ना सांगितलं तर म्हणाल्या, "लिहा, लिहा. त्यातच दळण आणायचंही लिहून ठेवा." इतकी वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर घरात ही किंमत.

झालं असं, की क्रूडचे भाव रोज चढताहेत, पेट्रोल पुन्हा महागलं आणि आमच्या प्राचार्यांना अचानक पृथ्वीची काळजी वाटू लागली. स्वतः कॉलेजपासून चार घरं टाकून राहतात आणि गाडीने येतात. त्यांनी मला 'जैवइंधन आणि खनिज इंधन : तुलनात्मक अभ्यास' हा प्रकल्प सन्मानाने बहाल केला, म्हणजे बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतल्यावर तो माझ्या गळ्यात पडला. मी करंजाच्या बियांचं तेल, म्हणजे आपलं करंजेल, आणलं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून बायोडिझेल करायला घेतलं. पहिल्या खेपेला साबण झाला. प्राचार्य तो हात धुवायला घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला मात्र पातळ, सोनेरी, सुरेख इंधन हाती आलं. पेटवलं तर धूर नाही, काजळी नाही.

आता ते वापरायचं कशावर, हा प्रश्न आज पेणला सुटला. गिरजाताईकडे गेलो होतो. ही माझी थोरली बहीण. भाऊजी वारल्यापासून माझं तिच्याकडे जाणं कमी झालंय. वेळच मिळत नाही. भाऊजींचा शाडूच्या गणपतींचा कारखाना आता ती चालवते. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. ती तिच्या सासऱ्यांनी दोघा मुलांच्या नावावर ठेवलेली, म्हणून त्यात तिचा दीर दिनानाथ याचाही वाटा. दिनानाथचा शेजारीच प्लास्टरच्या मूर्तींचा मोठा कारखाना आहे. प्लास्टर चहा पिऊन होईस्तोवर घट्ट होतं. शाडूची मूर्ती पावसाळ्यात सुकता सुकत नाही. दिनानाथचं म्हणणं, एकट्या बाईला हे झेपायचं नाही. त्याने सरळ अट घातली आहे: नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईच्या व्यापाऱ्याचा माल निघाला तर शेड वहिनीची, नाहीतर पुढच्या वर्षीपासून तिथे प्लास्टर. आणि ताईने ते मान्यही केलंय. शेड गेली तर ती दिवसभर करणार काय, हे तिला विचारलं. म्हणाली, "दिनानाथभावजींच्या मूर्तींना पॉलिश पेपर घाशीन. आनिक काय?"

मूर्ती कशावर सुकवतेस, विचारलं तर कोपऱ्यातल्या शेगड्या दाखवल्या. लाकडी कोळसा! मला हसू आवरेना. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि पेणचा गणपती अजून शेगडीवर. म्हटलं, ताई, तुझी काळजी मिटली. मी बायोडिझेलचे बर्नर लावून देतो.

तिने शाडूचे हात पुसले. मग म्हणाली, "म्हंजे तुला दर रविवारी यावा लागंल?"

म्हटलं, यावंच लागेल. प्रयोग आहे, नोंदी घ्याव्या लागतात.

"मंग लाव," म्हणाली.

विज्ञानाची ओढ अशी असते. शिक्षण चौथीपर्यंत, पण नव्या गोष्टीला नाही म्हणाली नाही.


रविवार, २२ जून

जुन्या पितळी स्टोव्हचे चार बर्नर तयार केले. ते घेऊन अष्टमी गावाच्या पुलाजवळ एसटीची वाट बघत होतो, तर महमूद कोळसेवाल्याने टेम्पो थांबवला. अष्टमीतच त्याची वखार आहे, आणि पेणच्या कारखान्यांना कोळसा तोच पुरवतो.

"बसा सर. ह्ये काय, स्टोवांचा दुकान काढताव?"

मी त्याला नागोठणेपर्यंत जैवइंधनाचं महत्त्व सांगितलं आणि वडखळपर्यंत कोळशाचा जमाना कसा संपला ते. ज्याचा धंदा बुडवायला निघालो त्याच्याच टेम्पोतून चाललो होतो, पण शास्त्रज्ञाने अशा गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत. महमूदने शांतपणे ऐकलं आणि उतरताना बर्नर उचलू लागला. एवढंच म्हणाला, "मूर्ती ओली ऱ्हायली तर सांगा सर. माझा नंबर बाईंकडं हाय."

शेडमध्ये बर्नर लावले. पत्र्याखालच्या सगळ्या झडपा उघड्या होत्या! आत उष्णता निर्माण करायची आणि बाहेर पेण नगरीला वाटून टाकायची. सगळ्या प्लास्टिक लावून बंद केल्या. ताई म्हणाली, "हवा नको व्हय जराशी?" तिला उष्णतेचं वहन आणि अभिसरण समजावून सांगितलं. जेवायला जिताडा माशाचं कालवण होतं. मला ते आवडतं, हे तिच्या लक्षात कसं राहिलं कोण जाणे.


रविवार, २९ जून

एक नवीनच विघ्न. शेडचे पत्रे गळताहेत. आत शिरलो तर वरून थेंब मानेवर. गंमत म्हणजे आज दिवसभर लख्ख उघडीप होती, बाहेर लोकांनी पापड वाळत घातले होते, आणि आमचे पत्रे आपले गळताहेत. पत्र्यांच्या सांध्यात आठवडाभराचं पाणी साठून राहिलं असणार. मी शिडी लावून वर चढलो आणि सांध्यांना डांबर फासलं. शर्ट गेला.

मूर्ती अजून ओल्या आहेत. दोन-तीन मूर्तींच्या पाटावर बुरशीही दिसली. ताईने बोट लावून बघितलं आणि ते पदराला पुसलं.

दिनानाथ दारात येऊन उभा राहिला. "काय मास्तर, बाप्पाला घाम फुटला?" म्हटलं, दिनानाथराव, आधी पत्रे चांगले घालायला शिका, मग विज्ञानावर बोला. तो आत न येताच गेला. ताई म्हणाली, तू नसलास की तो आत येतो, मापं घेतो, कुठे प्लास्टरचे साचे ठेवायचे ते कामगारांना दाखवतो. माझा चांगलाच धाक आहे म्हणायचा.


रविवार, ६ जुलै

एका मूर्तीचा हात गळून पडला. मोदकाचा.

मी हबकलो, पण तोंडावर दाखवलं नाही. शास्त्रीय पद्धत अशा वेळीच उपयोगी पडते. शेडचा अर्धा भाग ताडपत्रीने वेगळा केला, त्यात डिझेलचे बर्नर लावले आणि उरलेल्या अर्ध्यात बायोडिझेलचे. संध्याकाळपर्यंत निरीक्षण केलं. दोन्हीकडे थेंब सारखेच, दोन्हीकडे शाडू सारखीच ओली. याचा अर्थ उघड आहे. दोष इंधनाचा असता तर दोन्हींत फरक दिसला असता. ज्याअर्थी फरक नाही त्याअर्थी दोष पत्र्यांचाच. इतकं स्वच्छ अनुमान मी बऱ्याच वर्षांत काढलं नव्हतं.

उपाय म्हणून बर्नर चाराचे सहा केले आणि झडपांवर प्लास्टिकचा आणखी एक थर दिला. निघताना ताईला विचारलं, घाबरलीस का? "नाय रे," म्हणाली. पण तिने मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला यायचं काही कारण नव्हतं, आणि ती आली. गाडी हलेपर्यंत उभी होती.


रविवार, १३ जुलै

झालं! जिंकलो!

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि कळलं. हवा कोरडी, पत्रे कोरडे. मूर्तीवर टिचकी मारली तर टणक आवाज. आठवड्याभरात निम्म्या मूर्ती सुकून पांढऱ्या रंगाला तयार! म्हणजे सहा बर्नरांचा निर्णय बरोबर होता. डांबरानेही काम केलं.

दोन गोष्टींसाठी मात्र ताईला रागवावं लागलं. पहिली म्हणजे झडपांवरचं सगळं प्लास्टिक काढून टाकलेलं. म्हणाली, वाऱ्याने उडालं. दोन्ही थर, खिळ्यांसकट. दुसरी, बर्नरवर पातेलं पालथं घातलं होतं. म्हणाली, धूळ बसू नये म्हणून. शेडच्या मागे राखेचा ढीगही दिसला. स्वयंपाकाची चूल अजून सोडत नाही, काय करणार. तिच्या नाकावर काळा ठिपका होता, तो पुसायला सांगितला.

वडखळच्या नाक्यावर महमूदचा टेम्पो पेणकडून येताना दिसला. रिकाम्या गोण्या मागे फडफडत होत्या. बिचारा. गिऱ्हाईकं तुटली तरी सवयीने फेऱ्या मारतो.


रविवार, २० जुलै

आज एक अशी गोष्ट आढळली, जी कुठल्याच पुस्तकात नाही.

सहा तारखेला काठोकाठ भरून ठेवलेला इंधनाचा डबा मोजला. इतक्या मूर्ती सुकल्या आणि बायोडिझेल फक्त पाच किलो जळलं! आधी वाटलं फूटपट्टी चुकली. पुन्हा मोजलं. मग आकडेमोड केली. एका मूर्तीतून साधारण तीन किलो पाणी उडालं, अशा शंभर मूर्ती, म्हणजे तीनशे किलो. ते उडवायला लागणारी उष्णता भागिले पाच किलो. उत्तर आलं, किलोला एकशे पस्तीस मेगाज्यूल.

डिझेलचं पुस्तकी मूल्य पंचेचाळीसच्या आसपास. बायोडिझेलचं पुस्तकात चाळीसच्या आत-बाहेर देतात, कारण त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, म्हणजे थोडं जळूनच जन्माला येतं. आणि माझं करंजेल एकशे पस्तीस! जवळजवळ हायड्रोजनच्या बरोबरीला! ज्या हायड्रोजनवर लोक अग्निबाण उडवतात, त्याची ताकद रोह्याच्या रस्त्याकडेला करंजाच्या शेंगेत भरून पडली होती, आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांना पत्ता नाही. पुण्यात बसून कसा लागणार?

ताईला सांगितलं, ताई, इतकं कमी इंधन जगात कुणी वापरलं नसेल. तिला ठसका लागला. पाणी दिलं.


रविवार, २७ जुलै

मी निबंध लिहून प्राचार्यांना दिला होता. त्यांनी तो न वाचता एका स्थानिक साप्ताहिकाला बातमी दिली: 'रोह्याच्या प्राध्यापकाची हायड्रोजनशी बरोबरी'. फोटो प्राचार्यांचा आहे.

पेणला तर मी आता मोठा माणूस झालो आहे. दिनानाथ स्वतः आत आला, मूर्तींवर टिचक्या मारून बघितल्या आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. "मानलं मास्तर. तुम्ही होतात म्हणून. एकट्या वहिनींच्यानं ह्ये व्हायचं नव्हतं." मी विनयाने हो म्हटलं. तो पुढे म्हणाला की, यंदा माल निघेल हे दिसतंच आहे, पण पुढचं काय? मास्तर काय जन्मभर येणार आहेत? यंत्र मास्तरांचं, अक्कल मास्तरांची. तेव्हा शेडचं कायमचं काय ते पौर्णिमेनंतर बसून ठरवू.

म्हटलं, मी आहेच.

ताई वाढत होती. आज आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. मी तशीच संपवली. थकली असावी.


बुधवार, ६ ऑगस्ट

दिनानाथचा फोन. या पावसाने आळीतल्या सगळ्या शाडूवाल्यांचा माल ओला राहिला आहे. त्यांतल्या काशीबाईची तर वर्षाची कमाई तिच्या एका खोलीतल्या मूर्तींत अडकली आहे. सगळ्यांना मास्तरांचे बर्नर हवेत. रविवारी सगळे ताईच्या शेडमध्ये जमणार, मी माहिती द्यायची, मग काशीबाईच्या खोलीपासून सुरुवात.

ताईला फोन करून ही आनंदाची बातमी दिली. म्हणाली, "काशीच्या खोलीला झडपाच नायत रे, कमळू." म्हटलं, उत्तमच की!


शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज बारावीला इंधनांचं ज्वलन शिकवलं. रविवारच्या भाषणाची तालीम म्हणून फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. पहिली डिझेलची, दुसरी बायोडिझेलची, तिसरी नुसत्या कोळशाची. डावीकडे इंधन आणि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. दरवर्षी लिहितो. दरवर्षी सांगतो, पाणी विसरू नका, त्याला अर्धा मार्क आहे.

आज का कोण जाणे, रेणूभार मांडून वजनं काढली. दोनशे शहाण्णव ग्रॅम बायोडिझेल जळलं की तीनशे चोवीस ग्रॅम पाणी तयार होतं. वाफ होऊन. डिझेलचंही तसंच. जळलेल्या इंधनापेक्षा पाणी जास्त.

कोळशाच्या ओळीत पाणीच नाही. कोळसा म्हणजे जवळपास नुसता कार्बन. कोरडी आग.

खडू हातात धरून उभा राहिलो. मी बहिणीची शेड प्लास्टिक लावून बंद केली होती आणि आत सहा बर्नर लावून तिच्या ओल्या गणपतींवर वाफ सोडत बसलो होतो. पत्रे गळत नव्हते. ती वाफ पत्र्याला लागून थेंब होऊन खाली पडत होती. मग ६ जुलैनंतर मूर्ती सुकल्या त्या कशाने? राख, गोण्या, पालथं पातेलं, नाकावरचा ठिपका. मुलं वही काढून वाट बघत होती. तास लवकर सोडला.

एकशे पस्तीस मेगाज्यूल! डबा भरलेला होता कारण त्याला कुणी हातच लावत नव्हतं.

सौ.ना सगळं सांगितलं. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण त्यांनी तुम्हाला सांगितलं का नाही, ते विचारा एकदा."


रविवार, १० ऑगस्ट

सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो. ताई शेगड्या शेडमागे लपवत होती. मला बघून तशीच उभी राहिली, हात कोपरापर्यंत काळे.

"समजला व्हय तुला?"

म्हटलं, समजलं.

"सांगनार होते रे. हात गळला ना गनपतीचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी महमूदभाईना फोन केला. तुझे बर्नर पेटले का मूर्त्या रडायच्या. का ते मला नाय माहीत. पन कोलशानं सुकतात ते माहीत हाय."

"मग मला का नाही सांगितलंस? मी गावभर मिरवत होतो."

ती पदराला हात पुसत राहिली. पदर काळा झाला. मग म्हणाली, "सांगितला असता तर तू आला असतास? ह्ये गेल्यावर कवा आलास तू? बाराव्याला आलास, नि एकदा वरीसश्राद्धाला, ते पन जेवून लगेच पळालास. बर्नर लागले नि दर रविवारी यायला लागलास. घरात मानूस बोलायला लागला. मी म्हटला, चालू दे त्याचा प्रयोग. माझा कोलसा चालू हाय."

मला फार लाज वाटली. बर्नरांची नव्हे, ती तर होतीच. एवढी लांब नाही पेण. एसटी आहे, रेल्वे आहे. मी रोजनिशीत वेळ मिळत नाही असं लिहिलं आहे, ते आत्ता मागे जाऊन वाचलं.

"आता काय करायचा?" ती म्हणाली. मग तिनेच उपाय काढला. मी लोकांसमोर बर्नर चालतात म्हणून सांगायचं, काशीबाईच्या खोलीत लावूनही द्यायचे, आणि उद्यापासून ती गुपचूप तिथे भिंतीचा वरचा पत्रा उचकटून कोळसा लावील. "तुझा नाव पेपरात आलाय. कशाला खराब करायचा?"

मोह झाला. खोटं कशाला लिहू, चांगलाच झाला. प्राचार्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, बारावीचा वर्ग आला, आणि मी हायड्रोजनवाला ठरून मरेपर्यंत रोह्यात कसा फिरेन तेही आलं. तेवढ्यात माणसं जमू लागली.

आळीतले सगळे कारखानदार आले. काशीबाई पुढेच बसली. दिनानाथने माझ्यासाठी शाळेचा फळा आणून ठेवला होता, हारसुद्धा. मी हार बाजूला ठेवला आणि त्या तीन ओळी लिहिल्या.

सांगितलं, की बाबांनो, डिझेल जमिनीतून काढा नाहीतर बायोडिझेल करंजातून काढा, जळताना दोन्ही पाणी करतात. इंजिनात ते नळीवाटे बाहेर जातं, तिथे माझं करंजेल उत्तम चालेल. करंज पुन्हा उगवतो, जमिनीखालचं तेल उगवत नाही, हेही खरं. पण बंद खोलीत मूर्ती सुकवायला ते लावणं म्हणजे पाणी उकळत ठेवून कपडे वाळवण्यासारखं आहे. कोळशात ही भानगड नाही. आणि कोळसाही लाकडाचाच, तेव्हा जैवइंधन मी शोधलेलं नाही, तुमच्या आजोबांच्या शेगडीत ते होतंच. मी फक्त पंधरा दिवस माझ्या बहिणीचे गणपती भिजवले.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. हसू देणं भाग होतं. मीही त्यांच्या जागी असतो तर लोळलो असतो.

दिनानाथ मात्र हसला नाही. "थांबा मास्तर. मंग ह्या मूर्त्या सुकवल्या कोनी?"

"हिने."

"तुमच्या बर्नरशिवाय?"

"बर्नर पातेल्याखाली होते. त्याआधी मी जेवढ्या भिजवून ठेवल्या होत्या, त्यासुद्धा हिनेच सुकवल्या. रात्रंदिवस शेगड्या सांभाळून. एकटीने."

दिनानाथने त्या रांगा पुन्हा बघितल्या. या वेळी टिचकी मारली नाही. ताई खाली मान घालून उभी होती, तिचा काळा पदर सगळ्यांना दिसत होता.

काशीबाईने तोंड उघडलं. "काय रे दिनानाथ? एकट्या बायकूला जमायचा नाय, असा म्हनत होतास ना?"

"मी तसा नव्हतो म्हनलो."

"म्हनलास. माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन म्हनलास."

दिनानाथने टोपी काढून डोकं खाजवलं. वाईट माणूस नाही तो, त्याला फक्त स्वतःचा हिशेब पटकन दिसतो आणि दुसऱ्याचा उशिरा. म्हणाला, "शेड राहू दे वहिनीकडं. पौर्निमेनंतर बसायची गरज नाय." मग फळ्याकडे बघून, "मास्तर, तुमची मेहनत फुकट गेली."

काशीबाई उठली आणि ताईचा हात धरून म्हणाली, "चल गो गिरजे, माझ्या खोलीला भोक कुठं पाडायचा ते दाखव." दोघी निघाल्या. मागे आळीतल्या बाया निघाल्या. फळ्याजवळ मी आणि हार राहिलो.


शनिवार, १६ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. व्यापाऱ्याचा माल सकाळीच निघाला. आम्ही पोचेपर्यंत टेम्पो मुंबईच्या वाटेला लागला होता. ताईने राखी बांधली. सौ. बरोबर होत्या. त्यांनी ताईला विचारलं की, ह्यांनी किती त्रास दिला? ताई म्हणाली, "काय नाय, बसून असायचे." दोघी माझ्यासमोर माझ्यावर हसल्या.

प्राचार्यांनी साप्ताहिकाला खुलासा पाठवला आहे. त्यात चूक माझी आहे आणि फोटो पुन्हा त्यांचा. मी बर्नर महमूदला देऊन टाकले. पितळ चांगलं आहे म्हणाला.

निघताना ताईने ओवाळलं, नारळ दिला, आणि दारातून आत वळता वळता हळूच म्हणाली, "आता मंग दिवाळीला?"

मी घाईत होतो, सौ. पुढे गेल्या होत्या. बहुतेक मान हलवली.


रविवार, २४ ऑगस्ट

पेणला गेलो. ताई घरगुती गणपतींचे डोळे आखत होती. मला बघून कुंचला थांबला.

"काय काढलास आज?"

"काही नाही. जेवायला आलो."

कुंचला पाण्यात टाकून ती आत गेली. थोड्या वेळाने तांदूळ धुतल्याचा आवाज आला, आणि मग नाक ओढल्याचा. मी बाहेर पाटावर बसून राहिलो.